२५ लाखांचा आरोग्य विमा: काँग्रेसची योजना काय होती आणि हडपसरमधल्या कुटुंबाला त्यातून काय मिळालं असतं?

६ नोव्हेंबर २०२४ ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सभेत महाविकास आघाडीने पाच गॅरंटी जाहीर केल्या. राहुल गांधी, मल्लिकार्जुन खर्गे, शरद पवार आणि उद्धव ठाकरे एकाच व्यासपीठावर होते. चर्चा झाली ती मुख्यतः महिलांना दरमहा ३ हजार रुपये देण्याच्या घोषणेची. 'लाडकी बहीण'च्या काळात ते साहजिकच होतं. पण त्याच यादीत 'कुटुंब रक्षण' नावाची एक गॅरंटी होती: २५ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आणि मोफत औषधं.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला. महायुतीतल्या तीन मुख्य पक्षांनी २३० जागा जिंकल्या, काँग्रेस १६ वर थांबली. हडपसरमध्ये लढत दोन राष्ट्रवादींची होती. अजित पवार गटाचे चेतन तुपे यांनी शरद पवार गटाचे प्रशांत जगताप यांना सुमारे सात हजार मतांनी हरवलं. गॅरंटी कार्ड तिथेच बाजूला पडलं.

तरीही ही योजना समजून घेण्यासारखी आहे. एक तर २५ लाखांचा विमा हे काँग्रेसचं देशपातळीवरचं आश्वासन आहे, त्यामुळे पुढच्या निवडणुकीत ते पुन्हा दिसू शकतं. दुसरं म्हणजे, महायुती सरकारने त्याआधीच, १ जुलै २०२४ पासून, राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ५ लाखांचं संरक्षण लागू केलं होतं. म्हणजे प्रत्येक कुटुंबाला आरोग्य संरक्षण हवं, यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालेलं आहे. भांडण आकड्यावर आहे. आणि आकडा हा या विषयातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे.

२५ लाख हा आकडा आला कुठून?

राजस्थानातून. तिथे अशोक गेहलोत यांच्या काँग्रेस सरकारने मे २०२१ मध्ये 'चिरंजीवी' योजना सुरू केली. सुरुवातीला संरक्षण ५ लाखांचं होतं, पुढच्या वर्षी १० लाख झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात थेट २५ लाख. गरीब कुटुंबं, छोटे शेतकरी आणि कंत्राटी कामगारांना ती मोफत होती. बाकीच्यांनी वर्षाला कुटुंबामागे ८५० रुपये भरायचे आणि योजनेत यायचं. मध्यमवर्गाला नाममात्र पैसे घेऊन सरकारी योजनेत आणायचं, ही त्यातली नवी कल्पना होती.

मार्च २०२३ मध्ये राजस्थान विधानसभेने आरोग्य हक्काचा कायदाही मंजूर केला. तातडीच्या रुग्णाला आधी पैसे न मागता उपचार द्यायचे, ही त्यातली मुख्य तरतूद. त्यावर खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले आणि शेवटी सरकारला त्यांच्याशी तडजोड करावी लागली. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने विम्याचा आकडा ५० लाखांवर नेण्याचं आश्वासन दिलं. सत्ता गेली ती गेलीच. नंतर आलेल्या भाजप सरकारने योजनेचं नाव बदललं, पण २५ लाखांची मर्यादा कायम ठेवली. एकदा दिलेलं आरोग्य संरक्षण काढून घेणं कोणत्याच पक्षाला परवडत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या काँग्रेसच्या लोकसभेच्या जाहीरनाम्यात, म्हणजे 'न्याय पत्रा'त, हेच राजस्थान मॉडेल देशभर नेण्याचं आश्वासन होतं. सोबत आरोग्य हक्काचा केंद्रीय कायदा आणि २०२८-२९ पर्यंत अर्थसंकल्पातल्या एकूण खर्चाच्या ४ टक्के रक्कम आरोग्यावर, अशी उद्दिष्टंही होती. मुंबईत जाहीर झालेल्या गॅरंटीच्या ओळीत मात्र त्यातला विमा आणि औषधं एवढंच उतरलं. कायदा आणि पैशांचा हिशेब त्या ओळीत नव्हता.

महाराष्ट्रात आधीपासून काय आहे?

सर्वांसाठी विम्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९९७ मध्ये युती सरकारच्या काळात 'जीवनदायी' योजना आली. २ जुलै २०१२ ला काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने आठ जिल्ह्यांत 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' सुरू केली. पुणे त्या आठांत नव्हतं. पुणेकरांना ती मिळाली नोव्हेंबर २०१३ मध्ये, राज्यभर विस्तार झाला तेव्हा. १ एप्रिल २०१७ पासून तिचं नाव 'महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना' झालं. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली आणि १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या.

नाव बदलण्यात राजकारण होतंच, पण हडपसरच्या दृष्टीने हे नाव योगायोगाने चपखल बसलं आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले आणि डॉक्टर असलेले त्यांचे दत्तक पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला, तो हडपसरच्या ससाणे मळ्यात. मुंढव्यातल्या एका आजारी मुलाला तिथे आणताना सावित्रीबाईंना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्यांचं निधन झालं. त्या दवाखान्यात रेशनकार्डाचा रंग विचारण्याचा प्रश्न नव्हता.

तो रंग महाराष्ट्राच्या योजनेत मात्र बराच काळ विचारला गेला. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला दीड लाख, पांढरं असेल तर काही अपवाद सोडता काहीच नाही. केशरी कार्डासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये. म्हणजे घरातले दोघं मिळून महिन्याला दहा हजार कमावत असले, तरी कागदोपत्री ते कुटुंब पांढऱ्या कार्डाचं.

कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, महाविकास आघाडी सरकारने ही अट तात्पुरती बाजूला ठेवली आणि पांढऱ्या कार्डधारकांनाही योजनेत घेतलं. राजेश टोपे तेव्हा आरोग्यमंत्री होते. पुढे जून २०२३ मध्ये एकनाथ शिंदे सरकारच्या मंत्रिमंडळाने कायमचा निर्णय घेतला: कार्ड कोणतंही असो, ५ लाखांचं संरक्षण, १,३५६ उपचार आणि किडनी प्रत्यारोपणासाठी अडीचऐवजी साडेचार लाख. अंमलबजावणीला आणखी एक वर्ष गेलं.

थोडक्यात, या योजनेत जवळपास प्रत्येक मोठ्या पक्षाचा हात लागलेला आहे. 'हे आम्ही केलं' असं कुणी म्हटलं तर ते अर्धं खरं असतं.

५ लाख आणि २५ लाख: फरक नेमका कुणाला पडतो?

आयुष्मान भारतमध्ये २०२४ च्या अखेरपर्यंत देशभरात साडेआठ कोटींच्या आसपास रुग्णालय प्रवेश झाले आणि त्यांची एकूण रक्कम होती सुमारे १ लाख १९ हजार कोटी रुपये. भागाकार केला तर एका प्रवेशाला सरासरी १४ हजार रुपये येतात. मर्यादा ५ लाखांची, प्रत्यक्ष सरासरी १४ हजारांची.

कारण अशा योजनांत रुग्णालय स्वतःचं बिल लावत नाही. प्रत्येक उपचाराचं पॅकेज सरकारने ठरवलेलं असतं. खाट, औषधं, तपासण्या, जेवण आणि घरी परतायचं एसटी-रेल्वेचं भाडंसुद्धा त्यातच धरलेलं असतं. या दरांमध्ये ५ लाखांच्या पलीकडे जाणारे रुग्ण फार थोडे: यकृत, हृदय किंवा फुप्फुसाचं प्रत्यारोपण, बोन मॅरो प्रत्यारोपण, एकाच वर्षात घरातल्या दोघांना मोठा आजार. अशा घरासाठी २५ लाखांची मर्यादा म्हणजे जमीन विकणं आणि न विकणं यातला फरक आहे. त्याला कमी लेखता येणार नाही.

पण हे काम सगळ्यांची मर्यादा पाचपट न करताही करता येतं. २०२५ मध्ये राज्य सरकारने नेमकं तेच केलं. उपचारांची यादी २,३९९ वर नेली आणि ५ लाखांपेक्षा महागड्या मोजक्या उपचारांसाठी वेगळ्या निधीची सोय केली. विरोधकांच्या गॅरंटीतला सगळ्यात भक्कम मुद्दा सत्ताधाऱ्यांनी असा काही प्रमाणात उचलला.

उरलेल्यांसाठी खरा प्रश्न वेगळा आहे. पॅकेजचे दर परवडत नाहीत ही खासगी रुग्णालयांची जुनी तक्रार आहे. योजनेत यायचं की नाही हे बहुतेक रुग्णालयं स्वतः ठरवतात. आली तरी सगळे उपचार देतीलच असं नाही. दर तेच ठेवून मर्यादा २५ लाख केली, तरी योजनेत न आलेल्या रुग्णालयाचं दार त्याने उघडत नाही.

हडपसरमध्ये हे कसं दिसतं?

हडपसर हे आरोग्य संरक्षणाच्या सगळ्या थरांचं एक लहानसं प्रदर्शनच आहे. मगरपट्टा सिटीतल्या आयटी कर्मचाऱ्याकडे कंपनीचा मेडिक्लेम असतो, नोकरी असेपर्यंत. औद्योगिक वसाहतीतल्या, महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआयसी लागू होते. मुंढवा-मांजरी पट्ट्यातले बांधकाम मजूर, टेम्पोचालक, घरकाम करणाऱ्या बायका यांच्याकडे बहुतेकदा रेशनकार्ड एवढाच आधार. त्यातही मराठवाड्यातून आलेल्याचं गावाकडचं कार्ड इथे चालतं, कारण योजना राज्याची आहे. उत्तर प्रदेश किंवा बिहारमधून आलेल्या मजुराकडे महाराष्ट्राचं कार्डही नसतं आणि अधिवासाचा दाखलाही. त्याचं नाव केंद्राच्या यादीत असेल तरच त्याला आयुष्मानचा लाभ मिळतो. 'सर्वांसाठी' या शब्दातून गळणारी ही माणसं मोजायची कुणी, हे ना गॅरंटीत होतं, ना शासन निर्णयात.

आता सरकारी दवाखान्याकडे वळू. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यातल्या सरकारी रुग्णालयांत केसपेपरपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळं मोफत झालं, अशी बातमी आठवत असेल. ती खरी होती, पण फक्त सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरती. हडपसरच्या माणसाला जवळ काय आहे? पुणे महापालिकेचं अण्णासाहेब मगर रुग्णालय, ते पालिकेचं. मोठ्या आजाराला ससून, ते वैद्यकीय शिक्षण विभागाचं. दोन्ही या निर्णयाबाहेर. निर्णयात बसणारं औंधचं जिल्हा रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला.

महापालिकेची 'शहरी गरीब' योजना ही पोकळी थोडी भरते. पालिका हद्दीतल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला ती बिलात वर्षाला १ लाखापर्यंत, काही गंभीर आजारांत २ लाखांपर्यंत मदत देते. धर्मादाय रुग्णालयांचा पर्यायही आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर १० टक्के खाटांवर मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर आणखी १० टक्के खाटांवर निम्म्या दरात उपचार देणं त्यांना बंधनकारक आहे. पण २०२५ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयावर गर्भवतीकडे मोठी अनामत मागितल्याचा आरोप झाला, नंतर त्या महिलेचा मृत्यू झाला आणि राज्यभर संताप उसळला. तातडीच्या रुग्णाकडून आधी पैसे मागू नयेत, हा राजस्थानच्या कायद्यातला मुद्दा होता. महाराष्ट्रातल्या गॅरंटीमधून नेमका तोच सुटला होता.

ज्या अर्ध्या वाक्याकडे कुणी पाहिलं नाही

गॅरंटीचा दुसरा भाग होता 'मोफत औषधं'. भाषणात तो पुरवणीसारखा आला. पण बहुतेक कुटुंबांसाठी २५ लाखांपेक्षा तोच जास्त मोलाचा ठरला असता.

समजा, मांजरीत राहणाऱ्या पन्नाशीच्या टेम्पोचालकाला मधुमेह आणि रक्तदाब आहे. दर महिन्याला गोळ्या, दर तीन महिन्यांनी रक्त तपासणी, अधूनमधून डॉक्टरची फी. यातलं काहीही महात्मा फुले योजनेत बसत नाही, कारण ती योजना रुग्णालयात दाखल झाल्यानंतर सुरू होते. पैसे नसले की तो आधी गोळ्या बंद करतो. काही वर्षांनी त्याची किडनी निकामी होते, तेव्हा मात्र डायलिसिस योजनेत मोफत मिळतं. आजार वाढेपर्यंत थांबा, मग सरकार पैसे भरेल, असा हा उलटा व्यवहार आहे. यात ५ लाखांच्या जागी २५ लाख लिहिले तरी काही बदलत नाही.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून जात होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आलं. सुधारणा मोठी आहे. पण या उरलेल्या खर्चाचा मोठा भाग ओपीडी आणि औषधांचाच आहे.

राजस्थानला याचं उत्तर विम्याच्या दहा वर्षं आधी सापडलं होतं. २ ऑक्टोबर २०११ पासून तिथल्या सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना सुरू झाली. सरकार एकत्रित खरेदी करणार आणि औषध थेट दवाखान्याच्या खिडकीवर मिळणार. तामिळनाडूने ही पद्धत १९९० च्या दशकातच बसवली होती. महाराष्ट्रात मात्र औषध खरेदी २०१७ मध्ये हाफकिनकडे गेली, विलंबाच्या तक्रारी साचल्या आणि २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण करावं लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. त्यात नवजात बाळंही होती. औषधांच्या तुटवड्याचा आरोप झाला, सरकारने तो नाकारला. मोफत औषधांचं आश्वासन देणाऱ्याने ती आणणार कशी, हे सांगणं म्हणूनच गरजेचं असतं.

मविआच्या 'महाराष्ट्रनामा' जाहीरनाम्यात ९ ते १६ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस मोफत देण्याचंही आश्वासन होतं. ते आश्वासन हडपसरच्या अगदी घरचं. भारतात विकसित झालेली सर्व्हाव्हॅक ही लस सीरम इन्स्टिट्यूटची आहे आणि सीरम हडपसरचीच. आजार होण्याआधी केलेला खर्च नंतरच्या विम्यापेक्षा स्वस्त पडतो, याचं याहून जवळचं उदाहरण शोधायला नको.

दुसरीकडे कुणी हे करून दाखवलं आहे का?

थायलंडने, आणि तेही निवडणुकीतल्या आश्वासनातूनच. २००१ च्या निवडणुकीत थाई रक थाई पक्षाने '३० बाटमध्ये कोणताही उपचार' अशी घोषणा दिली. सत्तेत आल्यावर २००२ पर्यंत ती देशभर लागू केली. तिथे मर्यादेचा आकडा नव्हता. प्रत्येक माणसाचं नाव जवळच्या दवाखान्याशी जोडलं, त्या दवाखान्याला माणशी ठराविक रक्कम दिली आणि ओपीडी, औषधंही त्यातच घेतली. माणूस निरोगी राहिला तर दवाखान्याचा खर्च वाचतो, म्हणून लवकर उपचार करण्यात दवाखान्याचाही फायदा.

अर्थात त्यासाठी जवळ चांगला सरकारी दवाखाना असावा लागतो. महाराष्ट्रात २०२३ च्या महाराष्ट्र दिनी सुरू झालेले 'आपला दवाखाना' हे त्या दिशेचं छोटं पाऊल आहे. पण पैसा? राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ नुसार सरकारचा आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के व्हायचा होता. २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोविडच्या काळातही, तो १.८४ टक्के होता. एवढ्या पैशात विम्याची मर्यादा वाढवत नेली, तर तो पैसा मोठ्या रुग्णालयांकडे वळण्याचा आणि वस्तीतला दवाखाना कोरडा राहण्याचा धोका असतो. शिवाय विमा म्हटला की देखरेख आली. ऑगस्ट २०२३ मध्ये 'कॅग'च्या अहवालात आयुष्मान भारतचे जवळपास साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले आढळले होते.

तोपर्यंत तुमच्या हातात काय आहे?

आज हडपसरमध्ये कुणाला दाखल करायची वेळ आली, तर रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. कार्ड पांढरं असलं तरी. रुग्णालय योजनेत 'अंगीकृत' आहे का आणि तुमचा नेमका उपचार तिथे योजनेतून होतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही दाखल होण्याआधीच आरोग्यमित्राला विचारा. त्याचं टेबल बहुधा प्रवेशद्वाराजवळ असतं. ते सापडलं नाही तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या हेल्पलाइनवर माहिती मिळते. घरात कुणी ७० वर्षांपुढचं असेल तर उत्पन्न न पाहता केंद्राचं 'आयुष्मान वय वंदना' कार्ड निघतं. हे आश्वासन भाजपच्या २०२४ च्या लोकसभा जाहीरनाम्यातलं, ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेलं. त्यासाठी आधार पुरेसं आहे. ते आजारपण येण्याआधीच काढून ठेवा.